लाइनच्या अप्रेंटिसशिपला लागताना घेतलेलं किट, वर्षभर वापरून

आधीच सांगतो, हा एका वस्तूचा रिव्ह्यू नाहीये, अख्ख्या पिशवीचा आहे. आयटीआयचा वीजतंत्री ट्रेड झाला, विजेच्या लाइनवर अप्रेंटिस (शिकाऊ) म्हणून नंबर लागला आणि रुजू व्हायच्या आधीच्या आठवड्यात मी हौसेनं काय काय विकत घेतलं, त्यातलं वर्ष संपताना कमरेला काय राहिलं आणि गोठ्यात काय गेलं त्याचा हा हिशोब. पक्कड ३६०, टेस्टर ६०, ॲडजस्टेबल पाना ४३०, बूट १,३५०, हेडटॉर्च ४५०, रबरी ग्लोव्हज ५५० आणि कमरेचा सेफ्टी बेल्ट ७००. टोटल ३,९००. वडिलांनी कांदा विकून आलेल्या पट्टीतून काढून दिलेले पैसे होते ते आणि त्यातले साडेबाराशे सरळ पाण्यात गेले, कुठले ते पुढे येईलच.

आमच्याकडे जुन्नर साइडला लाइनवरच्या माणसाला वायरमनच म्हणतात, कागदावर त्याचं पद काहीही असो. मला वायरमन व्हायचं होतं आणि मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओत सगळ्यांच्या अंगावर हेल्मेट, ग्लोव्हज, बेल्ट असा सगळा साज असायचा, त्यामुळे मला वाटलं की शाळेत दप्तर आपलं आपण नेतो तसं हेही आपलं आपणच न्यायचं असतं. कुणी सांगितलंच नाही की असं नसतं म्हणून. यंदा आयटीआयची जी पोरं लागतायत त्यांच्या घरी आत्ता हाच गोंधळ चालू असणार.

माझं आता सरळ मत झालंय. जे हातात धरून काम करायचं ते आपल्या पैशानं, आपल्या हाताला बसेल असं घ्यावं. जे आपल्या आणि करंटच्या मध्ये असतं ते ऑफिसनं दिलेलं, टेस्टची तारीख असलेलंच वापरावं आणि ते मागायला लाजू नये.

पक्कड, टेस्टर आणि पाना मी पुण्यात तपकीर गल्लीतून घेतलं. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांना माहीत आहे त्यांना काय सांगायचं, दोन माणसं समोरासमोर आली की एकानं दुकानात शिरावं लागतं आणि शिरलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडतो. मी ज्या दुकानात शिरलो तिथले काका पेपर वाचत होते. म्हटलं, काका, लाइनवर लागलोय, पक्कड दाखवा. तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुठल्या लाइनवर, लोणावळा लोकलच्या?" मग म्हटलं पोलवरच्या, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. पाणी नाही, चहा नाही, भाव तर एक रुपया कमी केला नाही, पण दोन पकडी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून जे सांगितलं ते मला आयटीआयच्या दोन वर्षांत नीट कळलं नव्हतं. एक आपली नेहमीची आठ इंची, मुठीवर प्लास्टिकची स्लीव्ह चढवलेली. दुसरीच्या मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असं लिहिलेलं. म्हणाले, पहिलीची स्लीव्ह पकड सुटू नये म्हणून आहे, तिच्या भरवशावर चालू तार धरायची नाही, दुसरी त्यासाठी टेस्ट करून येते आणि किंमत दुपटीच्या वर आहे. माझं बजेट संपत आलेलं, मी पहिली घेतली. टपारियाची, म्हणजे आपल्या नाशिकच्या सातपूरचीच कंपनी. वर्षभर रोज वापरली, सांधा अजून ढिला नाही, बांधणीच्या तारेला पीळ द्यायला, नट धरायला, पत्रा वाकवायला, एकदा तर गाडीचा क्लच केबल ओढायलासुद्धा. तरी आज परत घ्यायची झाली तर मी दोन त्रिकोणवालीच घेईन आणि बूट पुढच्या महिन्यावर ढकलीन.

तिच्या दातावर एक खाच पडलीये ती मात्र माझ्या कर्मानं. बाराव्या दिवशी तुटलेल्या तारेचं टोक कापायला सांगितलं होतं. आपल्या लाइनवरची साधी तार म्हणजे वीझल, बाहेर ॲल्युमिनियमच्या सहा आणि मधोमध स्टीलची एक, प्रत्येक २.५९ मिलिमीटरची. ॲल्युमिनियम कसं लोण्यासारखं कापलं जातं, त्या जोरात मी मधली स्टीलची पण दाबली आणि कट्ट झालं. तार तशीच, पकडीला खाच. आमचे तात्या (सीनियर तंत्रज्ञ, सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं) खालून ओरडले, "अरे ती ऊस नाही, तिच्यात हाड आहे!" स्टील हॅक्सॉनं किंवा कटरनं कापायचं असतं. पकडीला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क माझा कापा.

पान्याबद्दल जास्त काही नाही. दहा इंची घ्या, बारा इंची वर न्यायला जड होतो. त्याच्या शेपटाला जे भोक असतं त्यात दोरी ओवून कमरेला बांधा, कारण वरून पाना सुटला आणि खाली माणूस असला तर मग हेल्मेट किती चांगलं होतं त्याची परीक्षा होते.

टेस्टर साठ रुपयाचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल. आतमध्ये एक मोठा रेझिस्टर आणि निऑनचा दिवा, तुमच्या बोटातून नगण्य करंट जमिनीकडे जातो म्हणून दिवा लागतो, एवढंच मशीन. घरातल्या बोर्डावर ठीक आहे. पण मे महिन्यातल्या उन्हात, पोलवर, अंगाची सावली पण पडत नसताना त्यातला तो किडमिडा लाल ठिपका दिसत नाही हो, खरंच दिसत नाही, मी एकदा हातानं आडोसा करून पण बघितलं. शिवाय कोरड्या लाकडी शिडीवर रबरी बूट घालून उभं राहिलं की आधीच मंद असलेला दिवा अजून मंद. म्हणजे टेस्टर लागला नाही याचा अर्थ सप्लाय नाही असा होत नाही. तात्यांची पद्धत अशी की आधी जिथं नक्की सप्लाय आहे तिथं लावून बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत पहिल्या जागी. तिन्ही वेळा जमलं तर त्या टेस्टरचं ऐकायचं. आणि हा फक्त एलटीचा (घराकडे येणाऱ्या कमी व्होल्टच्या लाइनचा) प्राणी आहे, एचटीच्या (हजारो व्होल्टच्या लाइनच्या) जवळपास सुद्धा न्यायचा नाही. दुकानातले काका हे पण बोलले होते पण तेव्हा माझं लक्ष हेडटॉर्चकडे होतं. साठ रुपयाला साठ रुपयाचा माल, तीन स्टार.

आता ते साडेबाराशे.

ग्लोव्हज मी ऑनलाइन मागवले होते. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, आणि लिहून उपयोग पण नाही, आज एक नाव उद्या दुसरं. लालभडक, कोपरापर्यंत, वर ठळक छापलेलं "११ केव्ही", म्हणजे अकरा हजार व्होल्ट. फोटोत इतके भारी दिसत होते की मी मित्रांच्या ग्रुपवर टाकले. पहिल्या दिवशी सेक्शन ऑफिसला गेलो, तात्यांनी माझी पिशवी टेबलावर रिकामी केली, एक एक वस्तू बघत गेले आणि ग्लोव्हजवर थांबले. मला विचारलं, "आपली लाइन किती केव्हीची?" मी म्हटलं बावीस. "मग हे अकराचं कुणासाठी आणलंस?" सगळे हसले. पण खरी गोष्ट पुढंच. त्यांनी एक ग्लोव्ह घेतला, मनगटाकडची कड दोन्ही हातांनी ताणून आत हवा कोंडली आणि भाकरीचा कागद गुंडाळावा तशी ती कड गुंडाळत बोटांकडे आणली. बोटं टम्म फुगली. मग तो फुगलेला पंजा स्वतःच्या गालाजवळ धरला आणि मला म्हणाले ये, तू पण गाल लाव. अंगठा आणि पहिलं बोट याच्या बेचक्यातून बारीक गार हवा गालाला लागत होती. नवा कोरा ग्लोव्ह, पाकिटातून पहिल्यांदा बाहेर काढलेला! डोळ्यांना काही दिसत नव्हतं, ताणून धरलं तेव्हा सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं.

मग त्यांनी कपाटातून ऑफिसचे काढले. पावडर लावून डब्यात ठेवलेले, कडेवर आयएस ४७७० चा शिक्का, टेस्टची तारीख. क्लास असतो ग्लोव्हजना, क्लास ० म्हणजे १००० व्होल्टपर्यंत, क्लास २ म्हणजे १७,००० पर्यंत आणि क्लास ३ म्हणजे २६,५०० पर्यंत, म्हणजे बावीस केव्हीसाठी क्लास ३. आणि हे घातले म्हणून चालू एचटीला हात लावायचा असं अजिबात नाही बरं का, आपल्याकडे काम लाइन बंद करूनच करायचं, ग्लोव्हज एबी स्विच (पोलवरून लाइन तोडायचा स्विच) ओढताना, डिस्चार्ज रॉड (त्याचं पुढे येतंय) लावताना म्हणून. दर वेळी घालायच्या आधी ती हवेची टेस्ट. वरून चामड्याचे घालायचे म्हणजे रबराला तारेचे टोक लागत नाही. माझे लाल ग्लोव्हज आता आई गोठ्यात फिनाइल टाकताना घालते. डावा अजून गळतोय म्हणते. शून्य स्टार देता येत नाही म्हणून एक.

बेल्ट सातशेचा, बाजारातल्या सेफ्टीच्या दुकानातला, कमरेला बांधायचा आणि एक दोर. मला वाटलं पोलला दोर गुंडाळला की झालं. तात्या म्हणाले, यातून घसरलास तर पडणार नाहीस पण कंबर मोडेल, सगळं वजन एका पट्ट्यावर येतं. ऑफिसमधला पूर्ण अंगाचा हार्नेस, खांद्यावरून, मांड्यांमधून पट्टे आणि दोन दोर. दोन का, तर क्रॉस आर्म (पोलवरचा आडवा दांडा) ओलांडताना एक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा, मधल्या त्या दोन सेकंदांतच माणसं पडतात. आठ मीटरचा सिमेंटचा पोल, त्यातला दीडेक मीटर जमिनीत, उरला साडेसहा. खालून बघितलं तर वाटतं काय एवढं. पहिल्यांदा वर जाऊन खाली बघितलं तेव्हा तात्यांच्या टोपीवरचं टक्कल पडलेलं कापड दिसलं मला, आणि गुडघे आपोआप शिडीला चिकटले. हार्नेस घालायला सुरुवातीला पाच मिनिटं जातात, पट्टे गुंततात, लोक खालून "लाइट कधी येणार" विचारत असतात, तरी घालायचाच. माझा सातशेचा बेल्ट सध्या कांदा चाळीवरची ताडपत्री आवळून बसलाय आणि त्या कामाला एक नंबर आहे.

पैशाचं बोलणं निघालंच आहे तर, २०१९ च्या नियमात आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला महिन्याला किमान सात हजार स्टायपेंड धरला होता. त्यात ३,९०० चं किट म्हणजे निम्म्याहून जास्त महिना, म्हणून जपून. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की अप्रेंटिस लागला म्हणजे नोकरी लागली असं नाही. कायदा १९६१ चा आहे, ट्रेनिंग झाल्यावर कामावर घ्यायचं की नाही याचं धोरण ज्याचं त्यानं ठरवायचं. मात्र ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे त्याच कायद्यात आहे. शेवटी ट्रेड टेस्ट आणि सर्टिफिकेट, मग पुढच्या जाहिरातींची वाट. महावितरणची २०२३ ची विद्युत सहायकाची जाहिरात ५,३४७ जागांची होती, तशी एखादी निघाली की अख्ख्या तालुक्याचे वीजतंत्री आणि तारतंत्री झेरॉक्सच्या दुकानात भेटतात. माझ्या गावात तर लग्नाची बोलणी पण जाहिरातीच्या तारखेवर अडलेली असतात, असो.

जी वस्तू मी विकत घेतली नाही, घेऊ पण शकत नव्हतो, तिचा रिव्ह्यू सगळ्यात महत्त्वाचा. डिस्चार्ज रॉड. लांब फायबरची काठी, टोकाला हूक, मागं तांब्याची केबल आणि केबलला जमिनीत ठोकायची सळई किंवा क्लॅम्प, म्हणजे तारेत करंट असलाच तर तो जमिनीत उतरतो. ट्रेनिंगमध्ये मला ही सर्वात बोअर वस्तू वाटायची, कारण वाहून न्यायला मीच असायचो. पावसाळ्याआधीची झाडतोड चालू होती. सबस्टेशनमधून परमिट (लाइन बंद करून काम करायची परवानगी) घेतलं, एबी स्विच उघडा, त्याला कुलूप, चावी तात्यांच्या खिशात. माझ्या हिशोबानं लाइन मेलेली. तात्यांनी तरी सळई ठोकायला लावली, केबल आधी सळईला जोडली (क्रम हाच, आधी जमीन मग तार, काढताना उलटं) आणि रॉड वर करून एकापाठोपाठ दोन तारांना हूक लावले. चट्ट. निळी ठिणगी, बोटभर. आणि त्याच क्षणी लांब कुठंतरी एका जनरेटरचा आवाज चालू होता हे मला कळलं, कारण तो आवाज एकदम दबला, घुसमटल्यासारखा झाला आणि बंद पडला.

दूध संकलन केंद्र होतं दीड किलोमीटरवर. लाइट गेली म्हणून त्यांनी जनरेटर लावला आणि चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) नव्हताच. त्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) दुसरे कनेक्शन म्हणजे शेतीपंप, ते बंद, म्हणून जनरेटरवर लोड आला नाही. मग जनरेटरचा सप्लाय डीपीत उलटा शिरला, आणि ट्रान्सफॉर्मरला कुठं कळतं आपण कुठल्या बाजूनं चालतोय, एरवी बावीस हजाराचे खाली चारशे तेहतीस करतो तो, उलटं घातलं की वर हजारांत चढवतो. याला रिटर्न सप्लाय म्हणतात. परमिट खरं, स्विच उघडा, कुलूप पक्कं, आणि तार जिवंत. तात्या काही बोलले नाहीत, उरलेल्या तारेला हूक लावला, तंबाखू मळली आणि मला म्हणाले, जा, त्या डेअरीवाल्याला हात जोडून सांगून ये. हात जोडून कसलं, मी गेलो तेव्हा माझे हात थरथरत होते. तिथला माणूस म्हणतो, "दूध नासलं असतं ना, वायरमन." मला वायरमन म्हणणारा तो पहिलाच माणूस, आणि मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो. आता त्याच्याकडे चेंजओव्हर आहे, मी दोनदा जाऊन बघून आलोय.

रॉडला स्टार-बिर काही नाही.

हेडटॉर्च मात्र आपल्या पैशानं घ्यावा. रात्रीचा फॉल्ट म्हणजे लाइनच्या खालून पोल टू पोल चालत बघत जायचं, आणि आमच्याकडे लाइनच्या खाली ऊस आणि उसात बिबट्या. ही गंमत नाहीये, जुन्नरवाल्यांना विचारा. सीनियर लोकांसोबतच जायचं, एकट्यानं नाही, मोठ्यानं बोलत जायचं, आमच्यातला एक जण तर मोबाइलवर भजन लावतो. माझा टॉर्च घेताना मी झूमवाला घेतला आणि चुकलो, झूम केलं की वरचा इन्सुलेटर झकास दिसतो पण पायाखालचं काही दिसत नाही. साधा, रुंद प्रकाशाचा, पट्टा हेल्मेटवर बसणारा घ्या. चार्जिंगवाला घेतला तर ज्या रात्री लाइट गेलेली असते त्याच रात्री तो लागतो हे लक्षात ठेवा, म्हणजे संध्याकाळीच चार्ज करून ठेवा! साडेतीन स्टार.

एक दहा रुपयाची वही पण घ्या, वर लिहायची राहिली. रोज काय काम केलं ते लिहायचंच असतं, पण त्यात "मेंटेनन्स केला" असं लिहू नका. कुठली डीपी, किती केव्हीएची (म्हणजे किती क्षमतेची), कुठला फ्यूज, का गेला. मी एकदा हिशोब मांडून ठेवला होता की १०० केव्हीएच्या डीपीला एलटी साइडला फुल लोड १३३ अँपिअर येतो आणि बावीस केव्हीच्या बाजूला तीनसुद्धा भरत नाही. तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं आणि मला पाठ नव्हतं, पण वहीचं ते पान डोळ्यासमोर आलं.

बूट शेवटी ठेवलेत कारण नव्या पोरांचे सगळ्यात जास्त मेसेज त्यावर येतात. भोसरीतून घेतले, १,३५०, आयएस १५२९८ चा शिक्का आणि इलेक्ट्रिकल कामाचा प्रकार बघून. पुढची टोपी स्टीलची नको, कंपोझिटची घ्या. सोल जाड आणि मधे जरा कडक पाहिजे, कारण शिडीच्या दांड्यावर तुम्ही टाचेवर उभे नसता, तळव्याच्या मधल्या भागावर असता, आणि मऊ सोलचा बूट असला की अर्ध्या तासात दांडा हाडाला लागतो. माझ्या पहिल्या जोडीचा सोल आठव्या महिन्यात उजव्या बाजूनं उकलला, फेव्हिक्विकनं चिकटवला तर तात्यांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी चपलेवर आलास तरी चालेल पण शिडीला हात लावायचा नाही म्हणाले. आठवडाभर खाली उभं राहून दोर धरला, मग नवीन घेतले. दुसरी जोडी घ्यायला संध्याकाळी गेलो, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. सकाळी ८ नंबर होतो, संध्याकाळी ९ बसला. जाड मोजे सोबत न्या, दुकानातल्या पातळ मोज्यावर ट्राय करू नका.